न घेतलेलं कर्ज आणि ॲपला दिलेलं आधार

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही साताऱ्यात फ्लॅट बुक केला आणि गृहकर्जासाठी बँकेत अर्ज दिला. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, बँकेचं स्टेटमेंट, सगळं लावून दिलं होतं. आठवड्याभराने शाखेतून फोन आला, "मॅडम, तुमच्या नावावर एक लोन थकीत दिसतंय. ते आधी क्लिअर करा, मग फाइल पुढे जाईल." माझ्या नावावर आजवर एकच कर्ज झालं होतं, शिक्षणाचं. तेही फिटलेलं, आणि त्याचं नो ड्यूजचं पत्र घरी जपून ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी शाखेत गेले. अधिकाऱ्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. एका एनबीएफसीचं, म्हणजे बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या वित्तकंपनीचं नाव, पुढे पर्सनल लोन, १८,००० रुपये, ऑक्टोबर २०२४, आणि शेवटच्या रकान्यात ओव्हरड्यू. त्या कंपनीचं नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. तिथेच बसून प्ले स्टोअरवर शोधलं, तर त्या नावाचं ॲपच नाही. पुढे कळलं ते असं: आपल्यासमोर येणारं लोन ॲप एका नावाचं असतं, पैसे देणारी एनबीएफसी दुसऱ्याच नावाची असते, आणि सिबिलवर नाव लागतं ते एनबीएफसीचं. त्यामुळे ॲप शोधत बसण्यात वेळ घालवू नका. रिपोर्टवरचं नाव घेऊन थेट त्या कंपनीची वेबसाइट गाठा. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल तिथे द्यावंच लागतं.

"१८ हजारच आहेत, भरून टाका की," असं त्या आठवड्यात मला निदान तिघांनी सांगितलं. नवऱ्याच्याही मनात ते येऊन गेलं, कारण बिल्डरच्या पुढच्या हप्त्याची तारीख जवळ आली होती. मी ठाम नकार दिला. पैसे भरले की ते कर्ज माझंच होतं असा अर्थ होतो, आणि ज्याने माझ्या नावावर ते उचललं त्याच्याकडची कागदपत्रं त्याच्याकडेच राहतात.

पहिलं काम म्हणजे पूर्ण रिपोर्ट मिळवणं. कोणी किती कर्ज घेतलं आणि कसं फेडलं याच्या नोंदी ठेवणारे चार क्रेडिट ब्यूरो भारतात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकाकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो ब्यूरोच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. 'फ्री स्कोअर' दाखवणारी कितीतरी ॲप्स आहेत, पण तीही पॅन आणि मोबाइल नंबर घेतात आणि मग लोनच्या ऑफर्सचा मारा सुरू होतो. ज्या कारणाने हा प्रकार घडला तेच पुन्हा कशाला करायचं?

चारही रिपोर्ट प्रिंट काढून पेन घेऊन बसले. नाव, जन्मतारीख, पॅन माझंच. पत्ता मात्र पुण्याचा, कोथरूडमधला, जिथे मी २०२१-२२ मध्ये भाड्याने राहत होते. संपर्काच्या रकान्यात माझ्या नंबरखाली एक अनोळखी मोबाइल नंबर आणि माझ्या नावाच्या पुढे आकडे जोडून केलेला एक जीमेल. बहुतेक लोक फक्त स्कोअर पाहून रिपोर्ट मिटतात, पण खरी माहिती शेवटी असते, एन्क्वायरीच्या भागात. कोणत्या कंपनीने कोणत्या तारखेला तुमचा रिपोर्ट मागवला ते तिथे लिहिलेलं असतं. माझ्या रिपोर्टवर ऑक्टोबरच्या एकाच आठवड्यात तीन कंपन्यांच्या एन्क्वायरी होत्या. दोन ठिकाणी जमलं नसावं, तिसऱ्या ठिकाणी जमलं.

चारही साइटवर 'हे खातं माझं नाही' म्हणून डिस्प्यूट टाकला. याला पैसे लागत नाहीत. ब्यूरो स्वतःहून काही खोडू शकत नाही, तो कर्ज देणाऱ्या कंपनीला विचारतो आणि तिच्या उत्तराप्रमाणे बदल करतो. यासाठी मुदत ३० दिवसांची. त्या महिन्यात मी रोज सकाळी मेल उघडत होते. मार्चच्या शेवटी उत्तर आलं: कंपनीने माहिती पडताळली आहे, नोंद बरोबर आहे. एवढंच. काय पडताळलं, कशावरून, एक अक्षर नाही. डिस्प्यूट फेटाळला तर कारण कळवायला हवं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी तो उत्तराच्या मेलमध्ये लिहिला आणि पुढचं पत्र थेट एनबीएफसीच्या तक्रार अधिकाऱ्याला टाकलं. मेल केला आणि तेच पत्र रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवलं. पोस्टाचा खर्च फार नाही आणि पोचपावतीचा कार्ड पुढे प्रत्येक ठिकाणी जोडता आला.

त्या मेलला आलेलं उत्तर मी अजून विसरू शकत नाही. "तुमची ओळख पटवण्यासाठी कृपया आधार कार्डाच्या दोन्ही बाजू, पॅन कार्ड आणि हातात आधार धरून काढलेला सेल्फी पाठवा." माझ्या ओळखपत्राचा गैरवापर झाला म्हणून मी तक्रार करते आहे, आणि त्यावर मला पुन्हा तेच ओळखपत्र, वर चेहऱ्यासकट, मागितलं जातं आहे. ते कुठे साठवणार, कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, याबद्दल काहीच नाही. मला त्या दिवशी खरोखर रडू आलं, आणि संतापही. ओळख पटवायला हवी हे मान्य. पण ज्यांच्याकडे माझ्या नावाचं खोटं खातं विनाअडथळा उघडलं गेलं, त्यांना चौकशीच्या वेळी इतका कडकपणा सुचतो, याचा राग यायलाच हवा.

सेल्फी दिला नाही. मास्क्ड आधार पाठवलं. मायआधारच्या साइटवर लॉगिन करून ई-आधार डाउनलोड करताना मास्क्डच्या चौकोनात खूण केली की पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते, फक्त शेवटचे चार दिसतात. तिची प्रिंट काढून त्यावर फोटोवरून जाईल अशी तिरकी ओळ लिहिली: 'फक्त अमुक तक्रार क्रमांकासाठी', तारीख आणि सही. मग स्कॅन. एक लक्षात ठेवा, ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निश्चिंत होऊ नका. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष हाच तो पासवर्ड, आणि या दोन्ही गोष्टी कुठल्याही आधारच्या झेरॉक्सवर सापडू शकतात.

त्याच मेलमध्ये मी माझी मागणी स्पष्ट लिहिली: कर्जाचा करारनामा, केवायसीसाठी घेतलेली कागदपत्रं, सेल्फी, ओटीपी कोणत्या नंबरवर गेला, आणि पैसे कोणत्या बँक खात्यात जमा झाले. 'माझं नाही' एवढंच म्हणत राहिलात तर 'तुमचंच आहे' एवढंच उत्तर येतं. कागद मागितले की त्यांना काहीतरी दाखवावं लागतं.

दरम्यान वसुलीचे फोन सुरू झाले. इतके महिने मला एकही फोन नव्हता, कारण त्यांच्याकडे माझा नंबर नव्हता. तो तक्रारीतून गेला. एका एजंटने रात्री साडेआठला फोन करून आवाज चढवला. मी शांतपणे सांगितलं की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, आणि या खात्याची तक्रार चालू आहे, तिचा नंबर लिहून घ्या. कॉलचा स्क्रीनशॉट ठेवला. तोही पुढे उपयोगी पडला.

एप्रिलच्या मध्यावर एनबीएफसीकडून कागद आले. संध्याकाळी स्वयंपाक अर्धवट सोडून लॅपटॉप उघडला. सेल्फीच्या जागी एका अनोळखी माणसाचा चेहरा. हो, माणसाचा, म्हणजे पुरुषाचा, आणि अर्जात लिंग स्त्री. पुढच्या पानावर माझं आधार. तो फोटो पाहिला आणि हात थांबला. कार्डाच्या डाव्या कडेला निळ्या फुलांचं मेणकापड दिसत होतं, आणि कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग. कोथरूडच्या खोलीतल्या टेबलावरचं मेणकापड. त्या टेबलावर मी आधार एकदाच ठेवून फोटो काढला होता, खोली शोधण्याच्या एका ॲपसाठी. 'व्हेरिफाइड भाडेकरू' असा शिक्का मिळाल्याशिवाय ते घरमालकाचा नंबर दाखवत नव्हतं, आणि त्यासाठी आधार आणि पॅन दोन्ही अपलोड करायला लावत होतं.

तो फोटो तिथून कसा बाहेर पडला हे मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून ॲपचं नाव घेत नाही. पण यातली एक गोष्ट मला फार लागली. खोलीचा भाडेकरार नोंदवताना एजंट घरी मशीन घेऊन आला होता, आधारवर अंगठा घेतला होता, सरकारच्या नोंदणी विभागात नोंद झाली होती. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही गेली होती. ओळख पटवण्याचं कायदेशीर काम तिथे पूर्ण झालं होतं. ॲपच्या सर्व्हरवर माझ्या आधारचा फोटो पडून राहण्याची कुठल्याही कायद्याला गरज नव्हती. तरी तो राहिला, माझा मुक्काम हलल्यावरही राहिला.

मग आधारचा ऑथेंटिकेशन इतिहास पाहिला. मायआधारवर गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे, कधी आणि कोणत्या पद्धतीने पडताळलं गेलं, ओटीपीने की अंगठ्याने, त्याची यादी मिळते, जास्तीत जास्त ५० नोंदी. ती मी फेब्रुवारीतच डाउनलोड करून ठेवली होती, आणि बरं झालं, कारण एप्रिलमध्ये ऑक्टोबरचा काळ त्यातून गळायला लागला होता. कर्जाच्या तारखेला, किंवा आसपासच्या दिवसांत, एकही नोंद नव्हती. याचा अर्थ आधारची पडताळणी झालीच नव्हती. नुसत्या फोटोवर कर्ज दिलं गेलं. तुमच्या बाबतीत असं काही घडलं तर ही यादी त्याच दिवशी काढा.

आणखी एक मुद्दा त्यांच्याच कागदांत सापडला. रक्कम जमा झालेलं खातं माझ्या नावाचं नव्हतं. डिजिटल कर्जाबद्दल रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम काढले, त्यात काही मोजके अपवाद सोडले तर पैसे थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात गेले पाहिजेत असं आहे. माझी तक्रार पुढे टिकली ती मुख्यतः या एका ओळीवर.

हे सगळं घेऊन पोलिसांकडे गेले. आधी सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवून पोचपावती घेतली, मग तिची प्रिंट घेऊन सायबर सेलला. (खात्यातून पैसे नुकतेच गेले असतील तर पोर्टल भरत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा, तिथे मिनिटं मोलाची असतात.) तिथल्या महिला हवालदारांनी सगळी पानं एकेक करून पाहिली, खुर्ची दिली, आणि अर्जात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ क लिहायला सांगितलं. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक ओळख अप्रामाणिकपणे वापरण्याबद्दलचं ते कलम, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. "ताई, अशा रोज येतात," त्या म्हणाल्या. अर्जावर शिक्का मिळाला. आरोपी अजून सापडलेला नाही.

एनबीएफसीला तक्रार करून ३० दिवस झाले आणि समाधानकारक उत्तर नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सीएमएस नावाचं पोर्टल आहे, फी नाही, वकील लागत नाही. मोबाइलवर ओटीपी येतो, मग कंपनी निवडायची, तक्रार लिहायची, कागद जोडायचे. अडलं तर १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे. मी मराठीत बोलले आणि मला नीट सांगितलं गेलं. कंपनीला आधी केलेल्या तक्रारीचा पुरावा नसेल तर अर्ज तिथेच अडतो, म्हणून रजिस्टर पोस्टाचा कार्ड. तक्रारीत भावना कमी आणि तारखा जास्त ठेवल्या: कर्ज कधीचं, इतिहासात नोंद नाही, सेल्फी पुरुषाचा, खातं दुसऱ्याचं, ब्यूरोचं एका ओळीचं उत्तर.

मेच्या अखेरीस एनबीएफसीचा सूर एकदम बदलला. फोनवर 'मॅडम, आम्ही रिव्ह्यू करतोय', मग पत्र: हे खातं तुमचं नसल्याचं मान्य, नोंद चारही ब्यूरोंकडून काढण्याची सूचना दिली आहे. २०२५ मध्ये कंपन्यांना पंधरवड्याला ब्यूरोकडे माहिती पाठवावी लागत होती, त्यामुळे जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चारही रिपोर्ट साफ झाले. ऑक्टोबरच्या त्या तीन एन्क्वायरी काढून घ्यायला वेगळं पत्र लिहावं लागलं, ते विसरू नका. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. मी ती मागितली आणि मिळाली. पोस्ट, प्रिंटा, पुण्याच्या फेऱ्या यांचा खर्च त्यातून निघाला. बिल्डरचा हप्ता चुकू नये म्हणून बाबांनी मुदत ठेव मोडली होती, त्यावरचं बुडालेलं व्याज मात्र कुणाकडेच मागता आलं नाही. गृहकर्ज जुलैमध्ये मंजूर झालं.

त्यानंतर मी एक काम हाती घेतलं, जे खरं तर आधीपेक्षा चिवट निघालं. माझं ओळखपत्र कुठे कुठे पडून आहे त्याची यादी केली. मेलमध्ये 'केवायसी', 'व्हेरिफाइड', 'डॉक्युमेंट' असे शब्द शोधले की जुनी ॲप्स वर येतात. खोलीचं ॲप, भाड्याने स्कूटर देणारं, एक जिम, सोसायटीच्या गेटचं, दोन वॉलेट, एक म्युच्युअल फंडाचं. प्रत्येकाला लिहिलं की संमती मागे घेत आहे, कागदपत्रं नष्ट करून तसं कळवा.

यात दोन जाती आहेत आणि त्यांना वेगळं वागवावं लागतं. बँक, वॉलेट, म्युच्युअल फंड यांना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याने ग्राहकाची ओळखपत्रं संबंध संपल्यावरही पाच वर्षं ठेवावी लागतात. त्यांनी नकार दिला, तो बरोबर होता. पण जिमला, स्कूटरवाल्याला, खोलीच्या ॲपला तसं कोणतंही बंधन नाही. त्यांच्याशीच खरं बोलणं करावं लागतं. मी २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांचा आधार घेतला. त्यात संमती मागे घेण्याची तरतूद आहे, आणि तक्रार अधिकाऱ्याने महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माहिती पुसून घेण्याचा हक्क स्पष्टपणे देतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला दीड वर्षाची मुदत दिली आहे. तोवर जुन्या नियमांवरच भागवायचं.

आधारच्या बायोमेट्रिकला कुलूप लावलं आहे. एमआधार ॲपवरून लागतं, आणि अंगठा द्यायची वेळ आली की थोड्या वेळापुरतं उघडता येतं. पॅनला असं कुलूप नाही, म्हणून दर तीन महिन्यांनी एका ब्यूरोचा फुकट रिपोर्ट काढते, चार ब्यूरोंत वर्ष भरतं. कुठे ओळखपत्र मागितलं की आता एकच प्रश्न विचारते: आधारच हवं असं कुठे लिहिलंय? सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना आधार सक्तीने मागण्याची वाट बंद केली, नंतरच्या दुरुस्तीतही ते ऐच्छिकच राहिलं. हॉटेलात मी लायसन्स दाखवते. आजवर कुणी परत पाठवलेलं नाही. रिसेप्शनवरचा मुलगा क्षणभर थांबतो, मग लिहून घेतो.

जिमने दोन दिवसांत कागद नष्ट केल्याचं कळवलं. स्कूटरवाल्यांना तीनदा आठवण करावी लागली. खोलीच्या ॲपने उत्तर दिलं, "तुमचं अकाउंट डीॲक्टिव्हेट केलं आहे." डीॲक्टिव्हेट म्हणजे मला दिसेनासं झालं, त्यांच्याकडून गेलं नाही. मी पुन्हा लिहिलं आहे: आधार आणि पॅनच्या प्रती सर्व्हरवरून आणि बॅकअपमधून काढल्या का, कोणत्या तारखेला, आणि त्या आजवर कोणाकोणाला दिल्या होत्या. महिना पुढच्या शुक्रवारी भरतो. उत्तर आलं नाही तर सायबर सेलमधल्या माझ्या अर्जाला हा पत्रव्यवहारही जोडून देणार आहे.